घरातून आलेले गाणे



आमच्या गायकवृंदात कॉलेजात शिकणारा एक मुलगा आहे. मागे एका शनिवारी सराव संपल्यावर पेटीचा भाता बंद करता करता त्याने एक प्रश्न टाकला आणि उत्तराची वाट न पाहता तो गाडी काढून निघूनही गेला. प्रश्न असा होता : "आपल्याला प्रभूची गाणी आवडतात, कारण लहानपणापासून घरात तीच ऐकली. पलीकडच्या घरात जन्मलो असतो, तर खंजिरीवरची भजने इतकीच आवडली असती. मग आपण गातो त्यात श्रद्धा किती आणि सवय किती?"

आम्ही जुनी मंडळी त्यानंतर बराच वेळ बाकावर बसून राहिलो. कोणी म्हणाले, आजकालची मुले फार बोलतात. पण प्रश्न काही टाळण्यासारखा नव्हता. आयुष्यभर आपण ज्या गोष्टीवर जीव लावला, ती आपण निवडलीच नव्हती असे कोणी म्हटले की मनाला लागतेच. म्हणून या रविवारी त्यावरच चार शब्द लिहीत आहोत.

पहिली गोष्ट, मुलाचे निरीक्षण खरे आहे. ते नाकारण्यात अर्थ नाही. आपले बल्लारपूर हे येणाऱ्यांचे गाव. रेल्वेचे जंक्शन, कोळशाच्या खाणी आणि १९४५ साली स्थापन झालेली पेपर मिल, या तिन्हींनी दूरदूरची माणसे इथे आणली. कोणी केरळातून आले, कोणी वर्धा नदीपलीकडच्या तेलुगू मुलुखातून, कोणी छत्तीसगडातून, कोणी मराठवाड्यातून किंवा नगरकडून. येताना कोणी ट्रंक आणली, कोणी वळकटी आणली, आणि प्रत्येकाने आपापले गाणे आणले. आजही संध्याकाळी क्वार्टर्सच्या रांगेतून चालत गेले तर एका दारातून मल्याळम रोझरीचा ठेका ऐकू येतो आणि दोन दारे सोडून तेलुगू गीत. मराठी घरात ओवीच्या चालीवर स्तुती चालते. लाइट गेली की टीव्ही बंद होतात आणि मग हे सगळे जास्तच स्पष्ट ऐकू येते! ज्याच्या घरात जे चालते, तेच त्याला गोड लागते. मल्याळी माणसाला आपली ओवी पहिल्यांदा सपाट वाटते, आणि मराठी माणसाला त्यांची लांबलचक तान कळत नाही.

म्हणजे आवड घरातून येते हे कबूल. पण घरातून आली म्हणून ती खोटी ठरते का? 'बे एके बे' आपल्याला आईनेच शिकवले. दुसऱ्या घरात ते दुसऱ्या भाषेत शिकवले असते. म्हणून बे दुणे चार व्हायचे थांबत नाही. एखादी गोष्ट कोठून आपल्यापर्यंत आली हा एक प्रश्न आणि ती खरी आहे की नाही हा वेगळा प्रश्न. दोन्हींची गल्लत होऊ नये. संत चावरा यांच्याबद्दल आपण अनेकदा ऐकले आहे. ज्या संघाच्या धर्मगुरूंनी आपल्या चांदा भागात मिशनकार्य उभे केले, त्या सीएमआय संघाच्या संस्थापकांपैकी ते एक. १८०५ साली जन्मलेल्या या संताने 'आत्मानुतापम्' हे काव्य लिहिले आणि त्यात स्वतःचे बालपण सांगितले. रात्री आई उठून गुडघे टेकून प्रार्थना करी आणि तो लहानगा तिला टेकून बसे, अशी ती आठवण आहे. देवाची पहिली ओळख त्यांना आईच्या अंगाच्या उबेतून झाली. त्यांनी ती ओळख पुढे पारखून घेतली, तिच्यासाठी आयुष्य वेचले, पण ती मिळाली घरातच.

तरीही हे उत्तर अपुरे आहे, हे आम्हालाही कळते. पाढा आणि प्रेम यांत फरक आहे. पाढा चुकला की शिक्षक दाखवून देतात. गाण्यावरचे प्रेम देवाकडे जाते आहे की स्वतःच्याच कानाकडे, हे कोण दाखवणार?

हाच प्रश्न सोळाशे वर्षांपूर्वी संत ऑगस्टीन यांना पडला होता. आपल्या 'कबुलीजबाबा'च्या दहाव्या भागात त्यांनी तो मोकळेपणाने मांडला आहे. ते म्हणतात की श्रद्धेच्या सुरुवातीच्या दिवसांत चर्चमधली गाणी ऐकून आपल्याला रडू आले होते, आणि त्या अश्रूंनी आपले भले केले. पण कधी कधी गायल्या जाणाऱ्या शब्दांपेक्षा गाणाऱ्याचा आवाजच मनाला जास्त हलवतो. तसे झाले की आपल्या हातून पाप घडले असे त्यांना वाटते, आणि अशा वेळी गाणे ऐकलेच नसते तर बरे, असेही वाटते. अलेक्झांड्रियाचे संत अथानासियस वाचकाला स्तोत्र इतक्या कमी चढउतारांनी म्हणायला लावत की ते गाण्यापेक्षा बोलण्याच्या जवळ जाई, हेही त्यांनी आठवणीने लिहिले आहे. शेवटी ऑगस्टीन गाण्याच्या बाजूने झुकतात, पण मन पूर्ण मोकळे करून नव्हे. दुबळ्या मनाला गाण्याचा आधार मिळतो, म्हणून ते असू द्यावे, असा त्यांचा सूर आहे.

संतांशी वाद घालण्याची आमची पात्रता नाही. पण एक गोष्ट आम्हाला जाणवते. ऑगस्टीन इथे स्वतःच्या मनात डोकावून पाहतात, आणि तिथे त्यांना उत्तर सापडत नाही. ते सापडणारही नाही. मिस्सेत गाताना आपल्या डोळ्यांत पाणी आले तर ते प्रभूसाठी, गेलेल्या आईच्या आठवणीने, की नुसत्या सुरामुळे, हे कोणाला वजन करून सांगता येईल? मन ही काही किराणा दुकानातली तागडी नाही. पण त्याच ग्रंथात, एक भाग आधी, ऑगस्टीन यांनीच दुसरी हकीकत सांगितली आहे आणि आम्हाला ती जास्त मोलाची वाटते. इ. स. ३८६ मध्ये मिलान शहरात राजमाता जस्टिना हिने संत अँब्रोज यांना छळायला सुरुवात केली. श्रद्धावंत आपल्या महागुरूंबरोबर मरायच्या तयारीने चर्चमध्ये रात्रंदिवस जागत बसले. ऑगस्टीन यांची आई संत मोनिका त्यांच्यात पुढे होती. लोक दुःखाने खचून जाऊ नयेत म्हणून पूर्वेकडच्या पद्धतीने सर्वांनी मिळून स्तोत्रे गाण्याची प्रथा तिथे तेव्हा सुरू झाली. त्या जागरणात कोणाला सूर जास्त आवडला आणि कोणाला शब्द, हे विचारायला कोणाला सवड होती? शेजारचा खचू नये म्हणून ते गात होते.

आम्हाला वाटते, पारख इथे होते. आपल्या गाण्याने आपल्या मनात काय होते यापेक्षा शेजारी बसलेल्याचे काय होते, हे पाहावे.

आपल्या मराठी गाण्याचाच इतिहास पाहिला तर ही पारख अधिक स्पष्ट होते. फादर थॉमस स्टीफन्स हे इंग्रज येशूसंघीय धर्मगुरू १५७९ साली गोव्यात आले. त्यांचे 'ख्रिस्तपुराण' १६१६ साली छापले गेले. त्यात दहा हजारांहून अधिक ओव्या आहेत आणि दुसऱ्या भागात प्रभूच्या जन्मापासूनचे सारे शुभवर्तमान आहे. हे पुराण का लिहिले? नव्याने ख्रिस्ती झालेल्यांची जुनी पुराणे सुटली होती आणि त्या जागी गायला-ऐकायला काही नव्हते. त्यांनीच तशी मागणी केली, असे त्या ग्रंथातच येते. आम्हाला यात फार मोठी माया दिसते. दूर देशाहून आलेल्या त्या धर्मगुरूने आपल्या आईचे गाणे या लोकांवर लादले नाही. तो त्यांच्या आईची ओवी शिकला आणि तीत प्रभूची कथा ओतली. रविवारी आणि सणांना चर्चमध्ये ते गायले जाई.

पुढची हकीकत घराघरांशी संबंधित आहे. १६८४ साली पोर्तुगीज सरकारने हुकूम काढला की गोव्यातल्या लोकांनी तीन वर्षांत आपली भाषा सोडून पोर्तुगीज बोलावे. ख्रिस्तपुराणाच्या १६१६, १६४९ आणि १६५४ अशा तीन आवृत्त्या निघाल्या होत्या. त्यांतली एकही छापील प्रत आज कोठे सापडलेली नाही. मग हे पुराण आपल्यापर्यंत आले कसे? गोव्यातून कानडी मुलुखात गेलेल्या कुटुंबांनी हाताने लिहिलेल्या प्रती जपल्या, घरात ते गाणे चालू ठेवले. त्या हस्तलिखितांवरून १९०७ साली मंगळूरला जोसेफ साल्दान्हा यांनी ते पुन्हा छापले. टिपू सुलतानाच्या कैदेत असताना मंगळूरच्या ख्रिस्ती लोकांना या ओव्यांनीच धीर दिला, असे परंपरा सांगते. छापखान्यात जे टिकले नाही, ते आजीच्या तोंडी टिकले. 'नुसती सवय' म्हणून जिला आपण खाली ढकलतो, तिने हे केले. श्रद्धेच्या भर उन्हात सवय ही सावलीसारखी असते. ती आपण लावलेली नसते, पण तिच्याखाली बसल्याशिवाय पुढची वाट चालवत नाही.

आता त्या मुलाचा खरा मुद्दा : पलीकडच्या घरात जन्मलो असतो तर? याचे उत्तर देणारा माणूस खरोखरच पलीकडच्या घरात जन्मला होता. रेव्हरंड नारायण वामन टिळक. १८६१ साली रत्नागिरी जिल्ह्यातल्या करजगावी ब्राह्मण कुटुंबात त्यांचा जन्म झाला. काव्याचे वेड त्यांना आईकडून मिळाले. अभंग, कीर्तन, तुकोबा, हे सगळे त्यांच्या रक्तात होते. तरुणपणी ते नागपुरात होते, आणि नागपूरहून राजनांदगावला जाताना रेल्वेच्या डब्यात एका गोऱ्या सहप्रवाशाने त्यांना नवा करार वाचायला दिला. (आपल्या विदर्भातल्या गाड्यांत आजवर किती लोकांनी किती जणांना काय काय दिले असेल, पण यापेक्षा मोठी देणगी ऐकिवात नाही.) १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला. त्याची किंमत मोठी होती. पत्नी लक्ष्मीबाई काही वर्षे दुरावल्या. ती वर्षे कशी गेली हे त्यांच्या 'स्मृतिचित्रे'मध्ये वाचावे; घरोघरी असावे असे ते पुस्तक आहे. पुढे त्याही प्रभूकडे आल्या.

टिळकांना ख्रिस्ती गाणे घरातून मिळाले नव्हते. घरातून मिळाले ते गाणे. घर सुटले, जात सुटली, नातेवाईक तुटले, पण आईकडून आलेला सूर सुटला नाही. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताच्या चरणांशी आलो, असे ते स्वतःच सांगत. इंग्रजी चालींवर बेतलेली भाषांतरित गीते त्या काळी मराठी मंडळ्यांत पुष्कळ चालत. टिळकांनी अभंग, भजन आणि कीर्तन प्रभूच्या सेवेला आणले. टिळक आपल्या कॅथलिक ख्रिस्तसभेतले नव्हते, तरी महाराष्ट्रातला कोणताही ख्रिस्ती माणूस त्यांना परका समजत नाही. १९१९ साली ते वारले तेव्हा 'ख्रिस्तायन' अपुरे राहिले होते. शाळेत न गेलेल्या लक्ष्मीबाईंनी ते पूर्ण केले. घरातून घराला मिळालेले गाणे म्हणतात ते असे!

म्हणून त्या मुलाला आम्ही म्हणू, की पलीकडच्या घरात जन्मला असतास तर खंजिरीवरचे भजन तुला आवडले असतेच, आणि त्यात वाईट काही नव्हते. आपल्याच जिल्ह्यातल्या चिमूरला १९४२ साली राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांच्या भजनांनी लोक कसे पेटून उठले होते, हे इथल्या म्हाताऱ्यांनी आपल्या आईबापांकडून ऐकले आहे. ती खंजिरी आज आपल्याही चर्चमध्ये नाताळात वाजते. व्हॅटिकन महासभेने ४ डिसेंबर १९६३ रोजी उपासनेविषयीचे संविधान जाहीर केले. त्यात स्पष्ट सांगितले आहे की ज्या लोकांची स्वतःची संगीतपरंपरा आहे, त्यांच्या त्या परंपरेला उपासनेत योग्य मान आणि योग्य स्थान द्यावे. घर आपल्याला सूर देते. तो सूर कोणासमोर गायचा, हे मात्र प्रत्येकाला स्वतःच्या पायावर उभे राहून ठरवावे लागते.

सूर पवित्र की अपवित्र, हा वाद सगळीकडे झालेला आहे. अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांचे 'गॉस्पेल' गाणे आज जगभर गाजते. त्याचे जनक म्हणून ओळखले जाणारे थॉमस डॉर्सी आधी ब्लूज वाजवत, म्हणजे नाचगाण्याच्या जागी चालणारे संगीत. १९३२ साली त्यांची पत्नी बाळंतपणात गेली आणि पाठोपाठ बाळही गेले. त्या दुःखातून त्यांनी जे गीत केले, ते पुढे लाखो लोकांनी मयताच्या वेळी गायले. तरी सुरुवातीला अनेक मोठ्या चर्चना त्यांच्या चाली आत नको होत्या. त्यांची गाणी गाणारी महालिया जॅक्सन १९११ साली न्यू ऑर्लिन्समध्ये जन्मली, लहानपणीच आई गेल्यावर मावशीच्या कडक शिस्तीत वाढली आणि चर्चच्या गायकवृंदात गाऊ लागली. तिच्या गाण्यालाही सभ्य चर्चमध्ये आधी नाके मुरडली गेली. पैशांसाठी ब्लूज गाण्याच्या मागण्या आल्या, त्या तिने नाकारल्या. १९७१ साली ती भारतात येऊन गाऊन गेली. तिचाही गळा घराने आणि वस्तीने घडवला होता. पण ते गाणे सोडायचे की विकायचे की प्रभूला द्यायचे, हे मावशीने ठरवले नाही.

आता आपल्या दाराशी येऊ. ३१ मार्च १९६२ रोजी चांद्याचे स्वतंत्र धर्मक्षेत्र स्थापन झाले, १९७७ साली ते धर्मप्रांत झाले. त्याच १९६२ सालच्या ३ जुलैपासून सिरो-मलबार ख्रिस्तसभेत सुरियानी भाषेच्या जागी मल्याळम भाषेत पवित्र कुर्बाना सुरू झाली. तोवर केरळातले आपले पूर्वज सुरियानीत गात, आणि त्यांतल्या बहुतेकांना शब्दांचा अर्थ कळत नसे. आपल्या काही वयोवृद्ध सभासदांना ती सुरियानी गीते अजून पाठ आहेत. आपल्या भाषेत कुर्बाना आली तेव्हा त्यांच्या आईवडिलांपैकी काहींना जुने गेल्याचे वाईट वाटले होते, असे ते सांगतात. आज मल्याळमऐवजी मराठी किंवा हिंदी गीत लागले की काहींना तसेच वाईट वाटते. मराठी म्हाताऱ्यांना गिटार लागली की वाटते. आणि तरुणांना आमचे संथ अभंग लागले की झोप येते, हे आम्हाला पेटीमागून दिसत असते!

यात चूक कोणाची नाही. पण 'आमच्या घरचे गाणे मला प्रिय आहे' इथून 'आमच्या घरचे गाणे हेच खरे चर्चचे गाणे' इथपर्यंत एकच पाऊल असते, आणि ते पाऊल पडले की गाण्यावरचे प्रेम मालकीहक्क होऊन बसते. मग ज्याचे गाणे लागत नाही तो मागच्या बाकावर सरकतो. काही रविवारांनी तोही दिसत नाही.

याच्या उलट काय होऊ शकते, तेही आपण पाहिले आहे. आपल्या धर्मग्रामातल्या एका तेलुगू आजी वारल्या तेव्हा दफनभूमीत घरच्यांना त्यांचे आवडते तेलुगू गीत हवे होते. मुले बाहेरगावी वाढलेली, त्यांना पहिल्या ओळीपलीकडे येत नव्हते. तेव्हा गर्दीतून एक मराठी बाई पुढे आल्या आणि त्यांनी ते गीत सुरुवातीपासून शेवटपर्यंत म्हटले. वीस वर्षे त्यांचे आणि आजींचे स्वयंपाकघर एकाच भिंतीला लागून होते. रोज पहाटे भिंतीपलीकडून येणारे ते गाणे त्यांच्या तोंडी कधी बसले, हे त्यांनाही सांगता आले नाही. उच्चार मराठी होते. काही शब्द बहुधा चुकलेही असतील. आजींची मुले मात्र त्यांच्या मागोमाग म्हणत गेली, आपल्याच आईचे गाणे शेजारणीकडून शिकत.

ते गाणे त्या बाईंच्या घरातून आले नव्हते आणि त्यांनी ते मुद्दाम निवडलेही नव्हते. मग त्याला सवय म्हणायचे की श्रद्धा? आमच्या मुलाने हा हिशेब मांडून दाखवावा. आम्हाला तो जमला नाही, आणि त्या दिवशी तो मांडायची गरजही वाटली नाही.

येत्या शनिवारी सायंकाळी सराव आहे. त्याच तेलुगू गीताचे शब्द देवनागरीत लिहून सूचनाफलकावर लावले आहेत. त्या बाईंनी चाल सांगायचे कबूल केले आहे. सुरियानी येणाऱ्या मंडळींनीही यावे, त्यांच्याकडूनही एक गीत उतरवून घ्यायचे आहे. ज्यांना गाता येत नाही असे वाटते त्यांनीही यावे; पेटीचा भाता ओढायला आणि खुर्च्या मांडायला माणसे लागतातच. प्रश्न विचारणारा मुलगा येणार आहेच, तबला त्याच्याकडे आहे.